आगगाडी बघायला शिकताना

आगगाड्या बघणे हा छंद असू शकतो, हे आपल्याकडे पटवून द्यावे लागते. पक्षी बघायला पहाटे उठून गेलात तर लोक कौतुक करतात. आकाशदर्शनाला निघालात तर थर्मासमध्ये चहा भरून देतात. पण "जरा स्टेशनवर जाऊन बसते, गाड्या बघायच्या आहेत" म्हटले की घरातला पहिला प्रश्न असतो, "कोण येणार आहे?" कोणी येणार नाही, कोणी जाणार नाही, तरी स्टेशनवर जायचे, हे आपल्या हिशेबात बसतच नाही. गाडी बसायची असते, बघायची कसली?

माझे म्हणणे उलटे आहे. आपण जन्मभर गाडीने हिंडतो, पण आपली गाडी आणि आपला डबा सोडला तर बाकी सगळ्याकडे आपली पाठ असते. एवढे मोठे यंत्र, त्यात राबणारी एवढी माणसे, सगळे उघड्यावर आपल्या डोळ्यांसमोर चाललेले असते. कारखाना बघायचा तर परवानगी लागते, धरण बघायचे तर पास लागतो. इथे फलाटाचे तिकीट काढले की दोन तास बसायची मुभा. आणि आपण ते दोन तास "गाडी का येत नाही" असे पुटपुटण्यात घालवतो.

आता, सुरुवात कुठून करायची? नात्यातल्या दोघा-तिघांना अलीकडे ही आवड लागली आहे, आणि त्यांना सगळीकडून एकच सल्ला मिळतो: आधी इंजिनांची नावे पाठ करा, मग चांगला कॅमेरा घ्या, मग अमुक गाडीच्या मागे तमुक ठिकाणी धावा. मला हा सल्ला मुळीच मान्य नाही.

माझ्या बहिणीचा नातू सात वर्षांचा आहे. फोनवर व्हिडिओ बघून बघून त्याला पंचवीस-तीस इंजिने ओळखता येतात. डब्ल्यूएपी-७, डब्ल्यूएजी-९, डब्ल्यूडीएम-३डी... पाढे म्हणावेत तशी नावे म्हणतो. मी विचारले, "अरे, पण त्यातला पी म्हणजे काय?" तर म्हणाला, "पी म्हणजे पीच!" मुलगा हुशार आहे, त्यात शंका नाही. पण जन्मभर वर्गात शिकवले असल्यामुळे हे उत्तर माझ्या चांगल्या ओळखीचे आहे. घोकंपट्टीचे उत्तर असेच असते, बरोबर आणि रिकामे.

या छंदाची सुरुवातच मुळी आकड्यांतून झाली, हे खरे आहे. इंग्लंडात इयन अ‍ॅलन नावाचा एक तरुण सदर्न रेल्वेच्या कचेरीत कारकून होता. १९४२ साली त्याने त्या रेल्वेच्या इंजिनांची यादी असलेली छोटी पुस्तिका छापली. मग शाळकरी मुले ती पुस्तिका घेऊन फलाटांवर उभी राहू लागली आणि दिसलेल्या इंजिनाच्या नंबरावर खूण करू लागली. त्यातही गंमत आहे, नाही असे नाही. पण नवशिक्याने तिथून सुरुवात करू नये असे मला वाटते. नवशिक्याने सुरुवात करावी ती "का" या प्रश्नापासून. गाडी इथे का थांबली? मागे इंजिन का लावले? तो माणूस हिरवे निशाण घेऊन का उभा आहे? एका "का"चे उत्तर मिळाले की दहा नावे आपोआप लक्षात राहतात. नुसती नावे कितीही पाठ केली तरी त्यातून एकही "का" निघत नाही.

उदाहरण म्हणून कर्जत घ्या. पुण्या-मुंबईची आपण सगळी मंडळी हजार वेळा तिथून गेलेलो असतो आणि तिथल्या वड्यापलीकडे कर्जतची आठवण नसते. पण पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या कर्जतला थांबतात त्या वड्यासाठी नव्हेत. तिथे गाडीच्या मागच्या बाजूला आणखी इंजिने लागतात, बहुधा दोन किंवा तीन. त्यांना बँकर म्हणतात. ती गाडीला मागून ढकलत लोणावळ्यापर्यंत नेतात आणि तिथे सुटी होतात.

का? कारण पुढे बोरघाट आहे. घाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की १ मीटर वर. माणसाला चालताना हा चढ फारसा जाणवणारही नाही. आगगाडीला मात्र तो फार मोठा. लोखंडी चाक लोखंडी रुळावर टेकते ती जागा जेमतेम एखाद्या नाण्याएवढी. घर्षण इतके कमी, म्हणून तर सपाटीवर एक इंजिन हजारो टन ओढू शकते. पण जो गुण सपाटीवर कामाचा तोच चढावर आड येतो, चाक घसरू बघते. म्हणून इंजिनात वाळूच्या पेट्या असतात आणि गरज पडली की रुळावर वाळू सोडतात. विजेच्या इंजिनातसुद्धा वाळू असते, हे कळले तेव्हा मला फार बरे वाटले. आपल्या आजीने चिकट हाताला राख लावावी तसेच झाले की हे!

मग पुढचा "का". जास्तीची इंजिने पुढेच का नाही लावत? पुढून सगळा भार ओढला तर डबे जोडणाऱ्या कपलिंगवर ताण येतो. मागून ढकलले की तो वाटला जातो, आणि दुर्दैवाने जोड तुटलाच तर मागचे इंजिन डब्यांना दरीकडे घरंगळू देत नाही. आणि वंदे भारतला बँकर का लागत नाही? फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-सोलापूर वंदे भारत याच घाटातून बँकरशिवाय चढते. तिला वेगळे इंजिनच नाही. आपल्या लोकलसारख्या तिच्या अनेक डब्यांखाली मोटारी आहेत, म्हणजे रेटा देणारी चाके गाडीभर पसरलेली. बघा, एका स्टेशनावर बसून तीन प्रश्न सुटले, आणि एकाही इंजिनाचे नाव पाठ करावे लागले नाही.

उतरतानाची गोष्ट तर याहून चांगली. पुण्याहून मुंबईला जाताना घाटात गाडी मध्येच थांबते आणि डब्यात कुरकुर सुरू होते, "झालं यांचं सुरू." वास्तविक ते थांबणे ठरलेले असते. घाटात उताराच्या रुळाला फुटलेली एक आडवाट असते, तिला कॅच सायडिंग म्हणतात. ती वर चढत जाते आणि संपते. सांधा नेहमी त्या वाटेकडे लावलेला असतो. गाडी तिच्या अलीकडे थांबली, म्हणजे ब्रेक ताब्यात आहेत हे तिने दाखवून दिले, की मग सांधा बदलून तिला खालची वाट मोकळी करतात. ब्रेक निकामी झालेली गाडी थांबूच शकणार नाही, ती सरळ त्या चढावर जाईल आणि तिथे तिचा वेग मरेल. म्हणजे ज्या मिनिटांवर आपण चिडतो ती आपला जीव वाचवण्यासाठी ठेवलेली आहेत. हे एकदा कळले की त्या थांबण्याचा राग येत नाही. मला तर हा या छंदाचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

"का" कळू लागला की मग अक्षर-ओळखीकडे वळावे. रेल्वे आपल्या अंगावर बरेच काही लिहून ठेवते. इंजिनाच्या नावातला पहिला डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटरचा रुंद रूळ. दुसरे अक्षर डी असेल तर डिझेल, ए असेल तर एसी वीज. तिसरे पी म्हणजे प्रवासी गाडीसाठी, जी म्हणजे मालगाडीसाठी, एम म्हणजे दोन्हींसाठी. झाले, बहिणीच्या नातवाचे निम्मे पाठांतर एका ओळीत उलगडले. त्यालाही हे सांगितले. आता तो नवीन नाव ऐकले की आधी फोडून बघतो.

गाडीच्या नंबराचेही तसेच. डिसेंबर २०१० पासून नंबर पाच आकडी झाले. पहिला आकडा १ किंवा २ म्हणजे लांब पल्ल्याची गाडी, ५ म्हणजे पॅसेंजर, ६ म्हणजे मेमू, ९ म्हणजे मुंबईची लोकल, आणि ० म्हणजे विशेष गाडी. मुंबईहून पुण्याला येणारी डेक्कन क्वीन १२१२३, आणि पुण्याहून जाणारी १२१२४. डब्यावरच्या नंबरातले पहिले दोन आकडे म्हणजे तो बांधला ते वर्ष. आपण बसलो तो डबा आपल्या मुलीच्या लग्नाच्या वर्षीचा निघाला, तर जरा आपुलकीने बसावेसे वाटते! रुळांशेजारच्या विजेच्या खांबांवर १०५/१२ असे काही लिहिलेले असते. त्याचा अर्थ, मुंबईपासून धरलेल्या १०५ क्रमांकाच्या किलोमीटरमधला बारावा खांब. कुठे काही बिघडले तर नेमकी जागा सांगता यावी म्हणून. आणि शेवटच्या डब्यामागे एक्सची मोठी खूण आणि एलव्ही अशी पाटी असते, म्हणजे "हा शेवटचा डबा". स्टेशनमास्तर गाडी पुढे गेल्यावर ती पाटी बघतात. दिसली नाही तर मागे काही डबे सुटून राहिले असतील, आणि मग त्या रुळावर दुसरी गाडी सोडता येणार नाही. एवढ्याशा पाटीवर केवढी जबाबदारी!

नवशिक्यांना माझे दुसरे सांगणे असे, की मालगाडीकडे बघा. राजधानी आणि वंदे भारतकडे सगळेच बघतात. मालगाडी आली की मात्र "अरे, मालगाडी आहे" म्हणून माना फिरवतात. रेल्वेच्या कमाईचा मोठा वाटा हीच बिचारी आणते, आणि आपली गाडी आली की बाजूला उभी हीच राहते. घरातल्या थोरल्या सुनेसारखी. तिचे वेळापत्रक आपल्याला मिळत नाही, त्यामुळे ती बघायची तर वाट बघायला शिकावे लागते. उघड्या वाघिणींत कोळसा, बंद वाघिणींत धान्य, खत किंवा सिमेंट, गोल टाक्यांत पेट्रोल-डिझेल, सपाट वाघिणींवर कंटेनर. कधी कधी खिडक्या बंद केलेले जुने प्रवासी डबे जाताना दिसतात. त्यांत नव्या मोटारी असतात. प्रवाशांची सेवा संपल्यावर त्या डब्यांना हे दुसरे काम मिळालेले असते. निवृत्तांनी याची जरूर नोंद घ्यावी! कोकण रेल्वेवर तर जानेवारी १९९९ पासून मालाने भरलेले ट्रकच्या ट्रक, ड्रायव्हरसकट, वाघिणींवर चढवून नेतात. आपल्या राज्यात काय येते आणि काय जाते, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकापेक्षा फलाटावरच्या बाकावरून अधिक स्वच्छ दिसते.

तिसरे सांगणे माणसांबद्दल. आपण ड्रायव्हरकडे बघतो, फार तर गार्डकडे. (२०२२ पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण जीभ वळायला वेळ लागणार.) मात्र रूळ राखणारा माणूस कोणाच्या लेखी नसतो. पाठीवर पाना-हातोडा घेऊन रोज आपल्या टापूतला रूळ चालत तपासणारा कीमन असतो. पूर्वी १३ मीटरचे रूळ पट्ट्यांनी जोडलेले असत, त्या सांध्यांवर चाके पडली की खडखड-खडखड असा ताल यायचा. आता रूळ जोडून सलग लांबच लांब केलेले असतात. प्रवास शांत झाला, पण थंडीत लोखंड आक्रसते आणि सलग रुळाला तडा जाण्याची भीती वाढते. म्हणून कडाक्याच्या थंडीत भल्या पहाटे कोणीतरी तो रूळ बघत चालत असतो. पावसाळ्यात घाटात आणि कोकणात रात्रभर गस्त असते, दरड आली आहे का ते बघायला. आपण वरच्या बर्थवर पांघरूण घेऊन झोपलेलो असतो तेव्हा खाली अंधारात पावसात कंदील घेऊन तो उभा असतो. गाडी बघायला शिकणे म्हणजे त्या कंदिलाकडे बघायला शिकणे, असे मी म्हणेन.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो माझ्याच वयाच्या लोकांकडून. "आता बघण्यासारखं राहिलंय काय? वाफेची इंजिनं गेली, मजा गेली." ब्रॉडगेजवरची वाफेची इंजिने १९९५ पर्यंत नेहमीच्या कामातून गेली, हे खरे. त्यांचा धूर, तो वास, ती शिट्टी... मलाही आठवते. पण मी त्यांना विचारते, तेव्हा तुम्ही काय लिहून ठेवलेत? बार्शी लाइट रेल्वे घ्या. १८९७ साली सुरू झालेली, अडीच फुटी रुळांची गाडी. पंढरपूरच्या वारकऱ्यांना पिढ्यान्पिढ्या तिने नेले-आणले. २००० नंतरच्या दहाएक वर्षांत तो सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला. आपल्यातल्या कितीजणांकडे तिची दोन ओळींची तरी नोंद आहे? आपल्या वाफेच्या इंजिनांचे फोटो काढायला परदेशातले हौशी लोक कॅमेरे गळ्यात घालून येत आणि आपण त्यांना हसत असू. आज तेच फोटो शोधून आपण डोळे पुसतो.

आणि आजच्याही गोष्टी जातच आहेत. मुंबईत १९२५ साली १५०० व्होल्ट डीसी विजेवर गाड्या सुरू झाल्या. २०१६ पर्यंत ती वीज मुंबईतून पूर्ण गेली आणि २५ हजार व्होल्ट एसी आली. तिच्याबरोबर घाटातली जुनी डीसी बँकर इंजिनेही गेली. आपल्या ओळखीचा निळा डबा पेरांबूरच्या कारखान्यात १९५५ पासून बनत होता, जानेवारी २०१८ मध्ये शेवटचा बनून बाहेर पडला. डेक्कन क्वीनने १ जून १९३० पासून किती रूपे बदलली, आणि जून २०२२ मध्ये नवे डबे घेतले. २०२०-२१ च्या करोनाच्या दिवसांत ज्या गाड्या धावल्या त्या विशेष म्हणून, नंबरापुढे शून्य लावून. त्या वर्षी ज्याने वहीत गाड्यांचे नंबर टिपले असतील, त्याच्या वहीत ते शून्य आपोआप इतिहास होऊन बसले आहे. त्याने काही ठरवून केले नव्हते, तो फक्त त्या दिवशी तिथे होता आणि त्याने लिहिले. आज कंटाळवाणी वाटणारी पॅसेंजर उद्याची बार्शी लाइट असेल. म्हणून बघायची ती आजची गाडी, रोजची गाडी. गेलेल्या गाडीसाठी उसासे टाकणे सोपे आहे, उभ्या असलेल्या गाडीविषयी दोन ओळी लिहिणे जास्त उपयोगाचे आहे.

बायकांसाठी एक वेगळा परिच्छेद लिहिते. पुरुष स्टेशनच्या बाकावर तासभर नुसता बसला तर कोणी काही म्हणत नाही. सत्तरीची बाई एकटी, सामानाशिवाय बसली की दहा मिनिटांत कोणीतरी येऊन विचारते, "आजी, चुकामूक झाली का? घरच्यांचा नंबर सांगा." विचारणारे चांगलेच असतात. त्यांना हसून सांगावे, "चुकामूक नाही, गाड्या बघतेय." सुरुवातीला ते चमकतात. तिसऱ्या वेळी तेच येऊन सांगतात, "आजी, पाचवर मालगाडी येतेय." वाचणाऱ्या माझ्या बहिणींनो, वहिनींनो, बिनकामाचे बघत बसण्याचा हक्क आपण फार कमी वेळा मागितला आहे. तो मागायला स्टेशनचा बाक ही चांगली जागा आहे.

चार सूचना, मास्तरणीच्या सवयीने. फलाटाचे तिकीट काढावेच. पिवळ्या पट्टीच्या मागे राहावे. रूळ कधीही ओलांडू नये, तो गुन्हा तर आहेच, पण आजची गाडी शांत येते, झुकझुक करून आधी कळवत नाही. फोटोसाठी रुळाजवळ जाणाऱ्या मुलांना हटकावे, वाईटपणा आला तरी चालेल. स्टेशनवरच्या माणसांना त्यांच्या कामाच्या घाईत प्रश्न विचारू नयेत. गाडी जाऊ द्यावी, मग विचारावे. बहुतेक जण आनंदाने सांगतात, कारण त्यांच्या कामाविषयी त्यांना कोणी कधी विचारलेलेच नसते.

सामान म्हणाल तर शंभर पानी वही आणि पेन. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, इंजिन, किती डबे, आणि शेवटी एक "का". त्या "का"चे उत्तर त्या दिवशी मिळाले नाही तरी हरकत नाही, पुढे कधीतरी मिळते. जागा एकच धरावी, महिन्यातून दोनदा तिथेच जावे. दहा स्टेशने एकदा बघण्यापेक्षा एक स्टेशन दहादा बघितले तर जास्त कळते, पुस्तकांचेही तसेच आहे.

पुढच्या महिन्यापासून लग्नसराई आहे. तुम्ही मंडळी प्रवास करणारच, आणि आपल्या घराण्याच्या रीतीप्रमाणे गाडीच्या तासभर आधी स्टेशनवर पोचणारच! या खेपेला त्या तासात फोन पिशवीत ठेवा आणि समोरून जे जाईल त्याच्या पाच ओळी लिहा. भेटाल तेव्हा वही आणा. मी तपासून देईन, लाल पेनाने नाही.